पत्रिकेतली वेळ

मास्तर, तुमचा जनाजा सांगितलेल्या वेळेला निघाला आणि मी मागं राहिलो.

जोहरच्या नमाजनंतर, दोनला, असं तुमच्या जावयानं सांगितलं होतं. सकाळपासून मी तुमच्याच घरी होतो, अंघोळ करून कपडे बदलायला तेवढा माझ्या घरी गेलो. मनातल्या मनात धरलं, दोन म्हणजे पावणेतीन. निवांत चहा घेतला. बायको म्हणाली, "निघा की आता," तर तिच्यावरच खेकसलो, "तीस वर्षं वराती काढल्यात मी, तू मला नको शिकवू." रोशन गेटपाशी पोचलो तर तुमची गल्ली रिकामी. सायकलवाल्यानं हातानंच दाखवलं, "गए, अभी गए." छप्पन्न वर्षांचा माणूस मी, चपला हातात घेऊन पळालो. कब्रस्तानच्या वळणावर गाठलं तुम्हाला. खांदा मिळाला तो शेवटच्या वीस-पंचवीस पावलांपुरता.

आपल्या धंद्यात ठरल्या वेळी निघालेली ही एवढीच मिरवणूक, आणि तिलाच मी उशिरा गेलो. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. मला मात्र तिथं मातीत हात घालताना एकच गोष्ट सुचत होती, की वेळेच्या बाबतीत मी तुम्हाला दुसऱ्यांदा दगा दिला. पहिल्यांदा दिला त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. आज अकरा दिवस झाले, आता बोलतो.

परवा शहागंजातलं आपलं बँडचं दुकान उघडलं. बाहेर पाटीवर अजून तुमच्या अब्बांचं नाव आहे, आत खुंटीला तुमचा लाल कोट आणि झालरीची टोपी. माझा साइड ड्रम कोपऱ्यात. क्लॅरनेटची पेटी उघडायची हिंमत होत नव्हती, तरी उघडली. मखमलीच्या खणात क्लॅरनेटच्या तोंडाशी लावायच्या तीन पत्त्या होत्या, वेताच्या, नखासारख्या पातळ. वाजवायच्या आधी तुम्ही पत्ती ओठांत धरून बसायचात, पाच-पाच मिनिटं, एक शब्द न बोलता. ट्रम्पेटवाला विलास एकदा म्हणाला, मास्तर, पाण्यात बुडवा की, लवकर भिजंल. तुम्ही पत्ती काढून म्हणालात, "पानी में भिगोई तो पराई लगती. माणसाची लाळ लागली की मग ती माणसासारखी बोलते." आम्ही हसलो होतो. लाळ ही काय जपायची गोष्ट आहे, असं कोणाला वाटतं?

तुमच्या कानाखाली गाठ आली तेव्हासुद्धा आपण हसलोच. उजव्या कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यात, बोराएवढी. तुम्ही म्हणालात टोपीचा पट्टा काचतोय. मी पट्ट्याला मऊ कापड शिवून दिलं. ते कापड अजून आहे टोपीला, मी परवा पाहिलं आणि टोपी उलटी टांगून ठेवली. वर्षभर आपण दोघं त्या पट्ट्यालाच दोष देत होतो. गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा भाभी तुम्हाला ओढत दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथं कळलं की कानाखाली लाळेची ग्रंथी असते आणि तिलाही कॅन्सर होतो. मला तर तोवर असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

ऑपरेशन दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात झालं. त्या ग्रंथीच्या आतूनच चेहऱ्याची नस जाते, ती वाचवता येईल की नाही ते आत गेल्यावर कळेल, असं सर्जननं आधीच सांगितलं होतं. दुसरा माणूस असता तर त्यानं विचारलं असतं, डॉक्टर, मी वाचेन ना? तुम्ही विचारलंत, "ओठ कामाचा राहील का?" नस वाचली, पण ताणली गेली होती. ओठाचा उजवा कोपरा लोंबायला लागला. चहा प्यायलात की त्या कोपऱ्यातून ओघळायचा आणि तुम्ही रुमाल धरून भिंतीकडं तोंड करायचात. माझ्यासमोर कसली लाज, असं मी म्हणालो होतो. माझ्याचसमोर होती, ते आता कळतंय.

टाके निघाल्यावर आपण तिघं रेडिएशनच्या मॅडमकडं बसलो. तुम्ही, भाभी आणि मी. मॅडमनी कागदावर रेघ ओढून समजावलं. गाठ काढली, पण तिच्या कडेला डोळ्याला न दिसणारं काहीतरी उरलेलं असू शकतं, ते वाढायच्या आत शेकायचं. "ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. सुरू म्हणजे मशीनवरचा पहिला दिवस," असं त्या दोनदा म्हणाल्या. त्याआधी खराब दात काढायचे, कारण शेक दिल्यावर दात काढला तर जबडा भरून येत नाही. दाताची जखम भरायला दहा-बारा दिवस. मग चेहऱ्याचा साचा, मग मोजमाप. "म्हणजे तुम्हाला आजच दाताच्या डॉक्टरकडं जायला पाहिजे." त्यांनी मशीनवर पाचव्या आठवड्याच्या शेवटचा नंबरही धरून ठेवला. याहून सरळ कोणी काय सांगणार?

तुम्ही विचारलंत, "शेकल्यावर वाजवता येईल?"

मॅडम खोटं बोलल्या नाहीत. तोंड सोलवटेल, त्या बाजूची लाळ आटेल, दुसरी बाजू वाचवायचा प्रयत्न करू. काही महिने तर नाहीच. पुढचं पुढं बघू, म्हणाल्या. तुम्ही मान डोलावलीत. तुमचा चेहरा अर्धाच हलत होता, त्यामुळं तुम्हाला काय वाटलं ते मला दिसलं नाही.

जिन्यावरून उतरताना तुम्ही गप्प होतात. भाभी औषधांच्या रांगेत. मला ते गप्प बसणं सोसेना, आणि मी ते वाक्य बोललो. "मास्तर, कायकू टेन्शन? सहा आठवडे म्हंजे पत्रिकेतली वेळ."

तुम्ही हसलात. ऑपरेशननंतर पहिल्यांदा, अर्ध्या तोंडानं, पण खळखळून. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! मास्तरला हसवलं मी.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. पत्रिकेवर बारा पस्तीस छापलेलं असतं आणि लग्न लागतं अडीचला. नवरदेव मारुतीला जाऊन येईस्तोवर दीड वाजतो, मामा सापडत नाही, मानपान राहिलेलं असतं. नवीन बँडवाले छापील वेळेला येऊन उन्हात तापत बसतात. आपण कधी बसलो नाही. तुम्ही पत्रिका हातात घेऊन घरचं नाव वाचायचात, गाव वाचायचात आणि सांगायचात, "हे वैजापूरचे हायत, दोन तास धर." बरोबर दोन तास निघायचे. लोक किती उशीर करणार ते आपल्याला पक्कं ठाऊक, म्हणून आपल्याला कधी उशीर झाला नाही. त्यावरच तर आपलं नाव होतं. आणि तीच अक्कल मी दवाखान्याच्या जिन्यावर चालवली. मॅडमनी पत्रिका छापली नव्हती, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

पुढं ते वाक्य तुमचंच झालं. भेटायला येईल त्याला तुम्ही ऐकवायचात. "डॉक्टर बोले छे हफ्ते. हमारा एकनाथ बोलता, पत्रिका की वेळ हाय." लोक हसायचे. मीही तिथंच बसलेला असायचो, हसत.

त्या दिवसांत दुकानात फळीवर पाच नारळ होते. ही रीत तुमच्या अब्बांची. तारीख ठरली की लग्नघरचा माणूस नारळ आणून ठेवतो, त्यावर पेनानं तारीख लिहायची आणि लग्नाच्या सकाळी तो फोडून निघायचं. घेतलेला नारळ परत द्यायचा नाही. त्यापायी माझ्या लेकीच्या बारशाला मी वैजापुरात ड्रम बडवत होतो, बायको अजून ते उकरून काढते. तुळशीच्या लग्नानंतरच्या त्या पाच तारखा होत्या. चार परक्यांच्या. पाचवी करमाडची, माझ्या सख्ख्या भावाच्या पोराची. भावानं श्रावणातच नारळ आणून दिला होता. "मास्तरचं क्लॅरनेट पाहिजे, बाकी कोण असो नसो," असं बजावून गेला होता.

पाचव्या आठवड्यात तुमचा ओठ परत आला. दुपारची वेळ होती, मी ड्रमची दोरी आवळत होतो. तुम्ही पत्ती तोंडात धरलीत, बराच वेळ भिजवलीत आणि फुंकलंत. आधी नुसती हवा. मग खालचा सूर, जाड, थरथरता. मग तो सरळ झाला. तुम्ही क्लॅरनेट मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, "आला रे, एकनाथा." तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माझ्याही. त्याच आठवड्यात मशीनवरचा नंबर होता. दात काढलेच नव्हते, म्हणून तो गेला. मॅडमच्या ऑफिसातून दोनदा फोन आला. तुम्ही सांगितलंत, पाच तारखा वाजवून येतो, मग काय शेकायचं ते शेका.

भाभी माझ्या घरी आल्या तेव्हा मी जेवायला बसलो होतो. त्या दारातूनच म्हणाल्या, "एकनाथभाऊ, ते माझं ऐकत नाहीत. तुम्ही नारळ परत करा. तुम्ही बोललात तर ऐकतील." मी म्हणालो, "पाहू भाभी." बस, एवढंच. माझ्या बायकोनं त्यांना पाणी दिलं, त्या न पिता गेल्या.

आपलं बेंजोवरून भांडण होतं, दोन वर्षं चाललेलं. मी म्हणायचो एक बेंजोवाला ठेवू, हल्लीच्या पोरांना तेच लागतं. तुम्ही म्हणायचात, माझ्या अब्बांच्या पाटीखाली बेंजो वाजणार नाय. त्या दिवशी मी तेच निमित्त काढून दुकानात तुमच्याकडं आलो. खुलताबादचा एक बेंजोवाला मोकळा आहे, पाच तारखा तो मारून नेईल, तुम्ही दात काढून घ्या. तुम्ही लगेच भडकला नाहीत. म्हणालात, "चार घरचे नारळ परत करतो, चल. पन करमाडचा? तुझ्या घरचा नारळ मी परत करू?"

आणि माझ्याकडं बघत राहिलात.

मास्तर, तुम्ही वाट बघत होतात. ते मला तेव्हाही कळलं होतं. तुम्हाला माझ्या तोंडून ऐकायचं होतं, करा परत, भावाला मी बघतो. तुम्ही माझ्याकडं सुटका मागत होतात आणि मी ड्रमची दोरी आवळत बसलो. भावाला काय तोंड दाखवू, असं म्हणायला मी मोकळा आहे, आणि इतकी वर्षं नारळ परत केला नाही, असंही म्हणू शकतो. खरं सांगू का? मलाच ऐकायचं होतं. यानंतर तुम्ही पुन्हा वाजवाल की नाही याचा भरवसा नव्हता आणि मला माझ्या घरच्या लग्नात, माझ्या गावात तुम्हाला ऐकायचं होतं. तुमच्या जिवापेक्षा मला ते मोठं वाटलं असं नाही. मी दोन्ही गोष्टी समोरासमोर ठेवून बघितल्याच नाहीत. पत्रिकेतली वेळ म्हणत ढकलत राहिलो.

करमाडला तुम्ही जे वाजवलंत तसं मी आयुष्यात ऐकलं नाही. मारुतीच्या पारापाशी नवरदेव घोड्यावर, माझी म्हातारी आई खाटेवर बसलेली, आणि तुम्ही जुनी संथ चाल धरलीत. पोरं नाचायची थांबली. आमचा भाऊ, जो बापाच्या मयतीला रडला नव्हता, तो भर मिरवणुकीत रडला. मी ड्रमवर नुसता ठेका धरून होतो, हात आपोआप चालत होते. पत्रिकेवर बारा पस्तीस होतं, लग्न लागलं तीनला दहा कमी. तुम्ही माझ्याकडं बघून भुवई उडवलीत. तेव्हा ऑपरेशनला साडेनऊ आठवडे झाले होते.

पुन्हा मॅडमकडं गेलो तेव्हा त्यांनी कागदावर आठवडे मोजले. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "आता तरी उद्याच दात काढा." चार दाढा गेल्या, सगळ्या मागच्या. क्लॅरनेटला पुढचे दात लागतात, ते जातील ही तुमची धास्ती, त्यांना कोणी हातही लावला नाही. मग जाळीचा साचा तोंडावर आवळून तुम्ही मशीनखाली पहिल्यांदा झोपलात तेव्हा तेरावा आठवडा लागला होता.

तीस दिवस मी तुम्हाला स्कूटरवर नेलं आणि आणलं. पंधराव्या दिवसानंतर तोंड लाल झालं. नान-खलिया हा तुमचा जीव की प्राण, भाभी त्यातला नान मटणाच्या रश्श्यात कुस्करून कुस्करून द्यायच्या आणि तुम्ही चार घास गिळून ताट सरकवायचात. सगळं संपून तीन महिने झाल्यावर एका दुपारी तुम्ही पेटी काढलीत. पत्ती ओठांत धरलीत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ती कोरडीच. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "एकनाथा, जरा पानी दे." मी वाटीत पाणी आणून दिलं. तुम्ही पत्ती बुडवून लावलीत, एकच सूर काढलात आणि पेटी मिटलीत. पराई लागते, असं म्हणाला नाहीत. म्हणायला पाहिजे होतं, मला शिवी द्यायला पाहिजे होती.

त्या पावसाळ्यात खोकला सुरू झाला आणि फुप्फुसात ठिपके निघाले. तेव्हा मी एकटा मॅडमना जाऊन भेटलो. विचारलं, वेळेवर केलं असतं तर? त्यांनी तुमची फाइल उघडून तारखा पुन्हा पाहिल्या. मग म्हणाल्या, "उशिरामुळंच झालं असं मी म्हणू शकत नाही. हा आजार वेळेवर शेकूनही परत येतो. पण वेळेवर केलं असतं तर त्यांना जी संधी होती, ती आपण पूर्ण दिली असती." आपण म्हणाल्या त्या. त्या बाईंनी स्वतःलाही त्यात घेतलं, ज्यांची काडीची चूक नव्हती. मी बाहेर येऊन त्याच जिन्यावर बसलो.

त्यांनी हो म्हटलं असतं तर मी रडून मोकळा झालो असतो. नाही म्हटलं असतं तर सुटलो असतो. आता मी ना इकडचा ना तिकडचा.

शेवटच्या आठवड्यात तुमचा आवाज बसला होता. मी रोज संध्याकाळी येऊन पायथ्याशी बसायचो. रोज घरून ठरवून निघायचो, आज सांगतो, आज माफी मागतो. एकदा तुम्ही खूण करून जवळ बोलावलंत. मला वाटलं, आता तुम्हीच विषय काढणार. तुम्ही कुजबुजलात, "करमाडला लई भारी वाजलं. नाय?"

मी म्हणालो, "व्हय, मास्तर."

तुम्ही डोळे मिटलेत. ते तुम्ही मला माफ करायला म्हणालात, की तुम्हाला खरंच तेवढंच आठवत होतं? मी विचारलं नाही. तुम्ही सगळं समजून घ्यायचात, पण ते तोंडानं कधी सांगायचा नाहीत, ही तुमची खोड होती. तीस वर्षांत तुम्ही मला ठेका चुकल्यावर चारचौघांत कधी बोलला नाहीत. नुसता सूर जरा लांबवायचात, माझा हात परत जागेवर येईपर्यंत. मला माणसांत आणलंत तुम्ही. करमाडहून आलो तेव्हा मला धड ड्रमची काठी धरता येत नव्हती. आणि तुम्हाला धरायची वेळ आली तेव्हा मी गप्प बसलो.

काल दुपारी वैजापूरहून बापलेक आले होते. त्यांना तुमचं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा दोघं हळहळले, बाप टोपी काढून थोडा वेळ बसला. मग चाचरत म्हणाला, "आमच्या थोरल्याच्या लग्नात मास्तरच होते. आता धाकट्याचं हाय. दुसरं कोणी बी वाजवू द्या, पण बँड याच दुकानाचा पाहिजे." आणि त्यानं पिशवीतून नारळ काढून माझ्यापुढं ठेवला.

मी तो उचलला. सवयीनं हात पेनाकडं गेला, तारीख लिहायला. मग तुमच्या कोटाकडं बघितलं आणि नारळ त्याच्या हातात परत दिला. त्याला वाईट वाटलं, तरी त्यानं तो पिशवीत ठेवला. दोघं निघून गेले.

तुमच्या अब्बांपासून आजवर या दुकानातून परत गेलेला हा पहिला नारळ, मास्तर. पण परत करायचा होता तो हा नव्हता.